आकड्याची साक्ष : गेमिंग कम्प्युटरचा पॉवर सप्लाय कसा निवडावा

(मंचर येथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. शेवटची प्रश्नोत्तरे संक्षेपाने दिली आहेत.)



माझी सगळी नोकरी तत्त्वज्ञान शिकवण्यात गेली. त्यामुळे आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी फोन करून विचारलं, "सर, पत्रिकेत छपाईची चूक झालीय का?" चूक झालेली नाही. घरी जोडलेल्या गेमिंग कम्प्युटरला पॉवर सप्लाय कोणता घ्यावा, यावरच मी बोलणार आहे. दुकानात ज्याला एसएमपीएस म्हणतात तो. कारण असं की या बाबतीत मी एकदा मोठ्या आत्मविश्वासाने चुकीचा सल्ला दिला, आणि त्याची किंमत माझ्या नातवाने मोजली.

आमचं घर जुन्नर तालुक्यात, गावठाणापासून दोनेक किलोमीटरवर, मळ्यात. नातू कॉलेजात शिकतो. टोमॅटोच्या दोन हंगामांत नारायणगावच्या बाजारात एका अडत्याकडे हिशेब लिहून त्याने पैसे साठवले आणि एकेक भाग आणला. रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड, मेमरी, एसएसडी. शेवटी पैसे संपत आले. त्याने मला विचारलं, "आबा, सप्लाय चांगला घेऊ, का कॅबिनेटबरोबर येतो तो चालेल?" मी म्हणालो, "अरे, सप्लायने गेम जोरात पळणार आहे का? पेटीत तो दिसणारसुद्धा नाही. कशाला पैसे घालतोस?"

कॅबिनेटबरोबर आलेल्या सप्लायवर ४५० वॅट छापलं होतं. आम्ही बेरीज केली, ती तीनशेच्या आसपास आली. तीनशे हे साडेचारशेपेक्षा कमी, झालं समाधान. तीन आठवडे साधी कामं ठीक चालली. गेम लावला की मशीन मधूनच बंद पडायचं, संध्याकाळी जास्त. सगळे म्हणाले, लाइटचा प्रॉब्लेम आहे. मग मे महिन्यातल्या एका संध्याकाळी फट्ट आवाज झाला, जळका वास आला. सप्लाय गेलाच, पण जाताना मदरबोर्ड आणि एसएसडी घेऊन गेला. त्या एसएसडीवर पोराचं वर्षभराचं प्रोजेक्ट होतं, आणि दुसरी प्रत नव्हती. ग्राफिक्स कार्ड वाचलं, तेवढंच.

मला लागलं ते वेगळंच. न्यायदर्शनातली चार प्रमाणं मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवली. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. ज्ञान खरं ठरतं ते या चार वाटांनी. आणि मला एक लेबल वाचता आलं नव्हतं. म्हणून आज याच चार वाटांनी जाऊ. त्याआधी सप्लाय नेमकं काय करतो ते थोडक्यात बघू.

सप्लायचं काम

भिंतीतून येते ती २३० व्होल्टची एसी वीज, सेकंदाला ५० आवर्तनं करणारी. कम्प्युटरच्या आत लागते डीसी, आणि तीही १२, ५ आणि ३.३ व्होल्टची. हे रूपांतर सप्लाय करतो. डिंभ्याच्या धरणातलं पाणी कालव्यात सोडलं, कालव्यातून चारीत घेतलं, आणि चारीतून सरीत वळवलं, की पिकाला सोसेल एवढंच पोचतं. तसंच हे. सरीत एकदम कालवा सोडला तर काय होईल ते तुम्हाला सांगायला नको. आमच्या मदरबोर्डचं बहुधा तेच झालं.

एक गैरसमज आधीच काढून टाकतो. ६५० वॅटचा सप्लाय कायम ६५० वॅट खात नाही. आतले भाग मागतील तेवढंच तो देतो. ६५० ही त्याची मर्यादा आहे, खर्च नाही.

शब्द : लेबल कोण बोलतंय?

शब्दप्रमाण म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून मिळालेलं ज्ञान. नैयायिक म्हणतात, सांगणारा आप्त हवा. म्हणजे नातेवाईक नव्हे! ज्याला ती गोष्ट नीट माहीत आहे आणि जो ती जशी आहे तशी सांगतो, तो आप्त. आता सप्लायवरचा आकडा हे कुणाचं तरी सांगणं आहे. कुणाचं, आणि नेमकं कशाबद्दल?

आपल्या नाणेघाटातल्या गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात कोरलेले आकडे भारतातल्या सर्वांत जुन्या अंकांमध्ये मोजले जातात. पण तिथे आकडा एकटा येत नाही. यज्ञ कोणता, दक्षिणेत गाई किती, नाणी किती, हे त्याच्यासोबत असतं. आमच्या सप्लायवर मोठ्या अक्षरात नुसतं '४५०' होतं. कशाचे ४५०, कुठल्या तापमानाला, किती वेळ, काही नाही.

सप्लायच्या अंगावर बारीक अक्षरात एक तक्ता असतो. त्यात १२ व्होल्टची ओळ शोधा. आजच्या कम्प्युटरमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन मोठे खाणारे आपली जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या ओळीतून घेतात. त्या ओळीतले अँपिअर गुणिले १२ केले की खरी ताकद कळते. चांगल्या ५५० वॅटच्या सप्लायवर तिथे ४५ अँपिअर असतात, म्हणजे ५४० वॅट. ६५० वाल्यावर ५४ अँपिअर, म्हणजे ६४८. आकडा जवळपास पूर्ण मिळतो.

जळून गेल्यावर मी आमचा तक्ता चष्मा लावून वाचला. १२ व्होल्टला १६ अँपिअर. सोळा बारे एकशे ब्याण्णव. बाकीचे वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या ओळींवर दाखवले होते, जिथे आम्हाला त्यांचा उपयोग नव्हता. आणि सगळं मिळूनही बेरीज ४५० होत नव्हती. म्हणजे मोठं अक्षर खोटं होतं आणि बारीक अक्षर खरं. मी मोठं तेवढं वाचलं.

दुसरी साक्ष '८० प्लस' या चिन्हाची. हे प्रमाणन २००४ साली सुरू झालं. त्यात सप्लाय स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासतात आणि भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती टक्के आत पोचते ते मोजतात. साधी पायरी, मग ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड आणि पुढच्या. ११५ व्होल्टवर, अर्ध्या भाराला, ब्राँझला किमान ८५ टक्के लागतात, गोल्डला ९०. राहिलेली वीज उष्णता होऊन पंख्यावाटे बाहेर पडते.

इथेही साक्ष कशाबद्दल आहे ते बघा. हे चिन्ह कार्यक्षमतेचं आहे. सप्लाय सुरक्षित आहे का, दहा वर्षं टिकेल का, हे ते सांगत नाही. शिवाय ही तपासणी २३ अंशांच्या आसपासच्या खोलीत होते. मे महिन्यात आपल्या पत्र्याच्या खोलीत काय तापमान असतं? म्हणून कंपनीने 'सतत एवढे वॅट, ४० अंशांना' किंवा '५० अंशांना' असं लिहिलंय का ते पाहा. असं लिहिणारा आपल्या आकड्याची जबाबदारी घेतो. वॉरंटीचंही तेच. चांगल्या सप्लायना ५, ७, काहींना १० वर्षांचीही वॉरंटी असते.

अनुमान : आपला हिशेब

आता आपल्या गरजेचा हिशेब. या प्रोसेसरच्या खोक्यावर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण ताण पडला की तो त्याहून जास्त घेऊ शकतो, म्हणून हिशेबात ८८ धरा. कार्डाचे १७०. मदरबोर्ड, मेमरी, एसएसडी, पंखे यांचे मिळून साठ धरा. झाले ३१८, म्हणजे ३२० म्हणू. यातले पावणेतीनशेच्या वर १२ व्होल्टच्या ओळीतून. आणि आमची ओळ १९२ची!

पण ३२०ला ३२०चाच सप्लाय घ्यायचा नाही. ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी, सेकंदाच्या हजाराव्या भागात, सरासरीपेक्षा बरंच जास्त ओढतं. बैलगाडी चढाला लागली की पहिला हिसका जसा मोठा असतो, तसं. इंटेलने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या एटीएक्स ३.० मार्गदर्शिकेत म्हणूनच मोठ्या कार्डांच्या सप्लायने क्षमतेच्या दुप्पट झटका १०० मायक्रोसेकंदांपुरता सोसावा अशी अपेक्षा घातली आहे. साधा नियम असा : बेरजेच्या दीडपट ते पावणेदोनपट घ्या. आमच्यासाठी ५५० वॅट. त्याने सप्लाय साधारण निम्म्या भारावर चालतो, पंखा कमी ओरडतो, आणि उद्या थोडं मोठं कार्ड बसवायला जागा राहते.

उलट टोकाला जाऊ नका. आरटीएक्स ४०९० हे एकटं कार्ड ४५० वॅट घेतं. त्याला ८५० किंवा १००० वॅटचा सप्लाय शोभतो. आरटीएक्स ४०६० घेतं ११५. त्याच्यासाठी हजार वॅटचा घेणं म्हणजे दोन क्रेट टोमॅटोला ट्रक करणं.

अनुमानाचं वर्गातलं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं. डोंगरावर धूर दिसला, म्हणजे तिथे अग्नी आहे. आमच्याकडे धूर शेवटी आला, पण खूण पहिल्याच दिवशी होती. आमच्या कार्डाला आठ पिनांची वायर लागते, आणि त्या सप्लायला ती वायरच नव्हती. नातवाने जुन्या पद्धतीच्या चार पिनांच्या वायरींना जोडणारा कनेक्टर लावून काम भागवलं. ज्या कारखान्याने ती वायर दिली नाही, त्यालाच आपला सप्लाय असलं कार्ड चालवेल याची खात्री नव्हती. त्याने न बोलता सांगितलं होतं. आम्ही ऐकलं नाही. कार्डाची वायर सप्लायला मुळात नसेल, तर तो सप्लाय त्या कार्डासाठी नाही.

प्रत्यक्ष : आपल्या घरातली वीज

हा भाग पुण्यामुंबईच्या सल्ल्यांत सापडत नाही, म्हणून जरा थांबतो. त्या घटनेनंतर मी प्लगमध्ये खोचायचा एक छोटा डिजिटल व्होल्टमीटर आणला आणि आठवडाभर वहीत आकडे लिहिले. पहाटे २३५. दुपारी २१०. शेतीपंपांची पाळी असली की १८०, एकदोनदा १७०.

आपल्याकडे पंपांना वीज पाळीपाळीने मिळते. रात्रीची पाळी असली की उसात बिबट्या असेल या भीतीने माणूस बॅटरी आणि काठी घेऊन पाणी द्यायला जातो. दिवसा वीज द्या, ही मागणी जुनी आणि रास्त आहे. तेव्हा गेम खेळणाऱ्याने पंपांबद्दल कुरकुर करायची नाही. व्होल्टेज पडणार हे धरूनच सप्लाय घ्यायचा.

व्होल्टेज पडलं की जुना बल्ब मंद होतो, म्हणजे तो कमी वीज घेतो. एसएमपीएस तसा नाही. आत ३३० वॅट हवे असतील तर तो ते मिळवणारच. व्होल्टेज कमी झालं की करंट वाढवून. २३० व्होल्टला त्याला सुमारे १.४ अँपिअर लागतात, १६५ व्होल्टला २. करंट वाढला की आतले भाग जास्त तापतात. कमकुवत सप्लाय संध्याकाळी का बंद पडतो, त्याचं उत्तर इथे आहे. लाइटचा प्रॉब्लेम होता हे अर्धसत्य. उरलेलं अर्ध सप्लायमध्ये होतं.

म्हणून लेबलवर 'इनपुट' ही ओळ वाचा. काहींवर २००–२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, काहींवर १००–२४०. मळ्यातल्या घरासाठी दुसरा घ्या. तो सहसा 'अ‍ॅक्टिव्ह पीएफसी' या प्रकारचा असतो. १७० व्होल्ट हे त्याच्या पल्ल्यात बसतं.

मग इन्व्हर्टर. वीज गेल्यावर चांगला सप्लाय आतल्या कपॅसिटरच्या साठ्यावर सुमारे १६ मिलिसेकंद तग धरतो, एका आवर्तनापेक्षाही कमी वेळ. तेवढ्यात इन्व्हर्टरने सूत्रं हाती घ्यायला हवीत. बऱ्याच इन्व्हर्टरना मागे एक खटका असतो. यूपीएस मोडला तो १० मिलिसेकंदांच्या आसपास बदलतो, साध्या मोडला वेळ जास्त लागतो आणि कम्प्युटर रीस्टार्ट होतो. पण यूपीएस मोडची एक अडचण आहे. व्होल्टेज १८०च्या खाली गेलं की तो बॅटरीवर जातो, आणि आपल्याकडे संध्याकाळभर बॅटरी उतरत राहते. हे दोन्ही तोलून ठरवा. नवीन घेत असाल तर प्युअर साइन वेव्हचा घ्या. काही अ‍ॅक्टिव्ह पीएफसी सप्लायना चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर मानवत नाही.

आणि अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, हा अनुभव इथे किती जणांना आहे? (बरेच हात वर) बघा. सप्लायच्या तोंडाशी गाळणी असते, कॉइल आणि छोटे कपॅसिटर. विजेतला गोंगाट ती अर्थिंगकडे सोडते. अर्थिंग नसेल तर तो अल्पसा करंट पत्र्यावर थांबतो आणि तुमच्या बोटातून वाट काढतो. यावर गाळणी काढणं हा उपाय नव्हे, तरी स्वस्त सप्लायमध्ये ती अनेकदा अपुरी असते. मग रेडिओ-गोंगाट घरात आणि बाहेर पसरतो. खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातले अतिक्षीण रेडिओ संकेत ऐकतात. असल्या गोंगाटाची किंमत तिथल्या लोकांना विचारा. उपाय एकच : तीन पिनांचा सॉकेट, खरी अर्थिंग, आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी.

उपमान : दुसऱ्यासारखं आपलं

उपमान म्हणजे सारखेपणावरून ओळखणं. "माझ्या मित्राचा तोच सप्लाय चार वर्षं चालतोय." मित्र कोथरूडला राहतो, त्याचं कार्ड लहान आहे, त्याच्या घरी व्होल्टेज २३०. सारखेपणा कुठे संपतो हे पाहिल्याशिवाय तुलना वापरू नका. एवढंच.

जाताना दुसऱ्याला न नेणं

सप्लायने गेम पळत नाही, हे माझं म्हणणं खरंच होतं. चूक ही की मी त्याचा गुण पळण्यात शोधला. त्याचा गुण इतरांना सांभाळण्यात आहे. कुठलाही सप्लाय कधीतरी बिघडणार. चांगल्या सप्लायमध्ये त्यासाठी पहारे बसवलेले असतात : बाहेर जाणारं व्होल्टेज वाढलं की बंद, घसरलं की बंद, करंट जास्त झाला की बंद, शॉर्ट झालं की बंद, तापला की बंद. खोक्यावर ओव्हीपी, यूव्हीपी, ओसीपी, एससीपी, ओटीपी अशी अक्षरं असतात ती हीच. असा सप्लाय बिघडला तर बहुतेक वेळा एकटा जातो. आमचा एकटा गेला नाही. वाचवलेल्या पैशांत मी हे पहारेकरी काढून टाकले होते.

तरी एक गोष्ट कोणत्याही सप्लायच्या हाताबाहेरची आहे. वळवाच्या पावसात कधी खांबावरची न्यूट्रल वायर तुटते. तेव्हा घरात २३०च्या जागी ४००पर्यंत व्होल्ट येऊ शकतात. त्यासाठी मीटरजवळ जास्त व्होल्टेजला तोडणारं उपकरण वायरमनकडून बसवून घ्या. आणि वीज कडाडू लागली की प्लग काढा. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही.

आता प्रश्न.

प्रश्न : सर, गोल्ड घेतला तर वाढीव किंमत बिलात वसूल होते का?

उत्तर : हिशेब करू. आत ३०० वॅट लागतात. ८५ टक्क्यांना भिंतीतून ३५३ घ्यावे लागतात, ९० टक्क्यांना ३३३. फरक २० वॅट. रोज चार तास खेळलात तर महिन्याला २.४ युनिट. पैशांसाठी गोल्ड घेऊ नका. कमी उष्णता, आणि बरेचदा आतले भाग चांगले असतात, म्हणून परवडत असेल तर घ्या. नाहीतर नावाजलेल्या कंपनीचा ब्राँझ पुरे. आधी १२ व्होल्टची ओळ, पहारे आणि वॉरंटी, रंग नंतर.

प्रश्न : जुना, वापरलेला सप्लाय घ्यावा का?

उत्तर : ग्राफिक्स कार्ड जुनं घ्या, कॅबिनेट जुनं घ्या. सप्लाय शक्यतो नवा. आतले कपॅसिटर उष्णतेने म्हातारे होतात आणि ते बाहेरून दिसत नाही. माझं वय दिसतं तरी! (हशा) आणि घेतलाच तर त्याच्याच वायरी घ्या. सुट्या वायरींचे सप्लायकडचे पिन प्रत्येक कंपनीत वेगळे असू शकतात; दुसऱ्याची वायर बसते, आणि भलत्या जागी १२ व्होल्ट जातात.

प्रश्न : बिघडलेला उघडून दुरुस्त करता येईल?

उत्तर : तुम्ही करू नका. प्लग काढल्यावरही आत तीनशेच्या वर व्होल्ट काही काळ साठलेले राहू शकतात.

प्रश्न : स्टॅबिलायझर लावू का?

उत्तर : १००–२४०चा सप्लाय असेल तर सहसा गरज नाही. तो पैसा अर्थिंगवर घाला.

प्रश्न : नातवाचं पुढे काय झालं?

उत्तर : आणखी एक हंगाम बाजारात बसला. प्रोजेक्ट पहिल्यापासून लिहिलं, आता त्याच्या दोन प्रती असतात. ५५० वॅटचा, ४५ अँपिअरचा, ५ वर्षं वॉरंटीचा सप्लाय घेतला. कोणता घेऊ असं यावेळी त्याने मला विचारलं नाही. दुकानातून फोटो पाठवला, लेबलचा, आणि लिहिलं, "आबा, बारीक अक्षरं तुम्ही वाचा." मी वाचली. सगळी.